बेण्यात लपलेली बुरशी

कुरकुंभ ज्या दौंड तालुक्यात आहे, तिथे ऊस हे महत्त्वाचे पीक. उसाची लागण टिपऱ्यांपासून करतात. टिपरी वरून निरोगी दिसली, तरी तिच्या डोळ्यात काणी रोगाची बुरशी दडलेली असू शकते. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर पडतो, तेव्हा लागणीला काही महिने झालेले असतात आणि काळे बीजाणू वाऱ्याने फडभर पसरतात. मग बुरशी आधीच कशी ओळखावी?

तिचा डीएनए ही खात्रीची खूण. पण टिपरीतून काढलेला बहुतेक डीएनए उसाचाच असतो. येथे कॅरी मलिस यांनी १९८३ साली शोधलेली पीसीआर पद्धत उपयोगी पडते.

सुमारे ९५ अंश सेल्सियसला डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांवर आणले, की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपल्याशी जुळणाऱ्या जागी चिकटतात. ७२ अंशांना एक विकर तेथून पुढे नवा धागा तयार करते. प्रत्येक फेरीत नकला दुप्पट होतात. विद्यार्थ्यांना १ ही संख्या ३० वेळा दुप्पट करायला सांगा. उत्तर १०७ कोटींच्या वर जाईल!

प्रायमर काणीच्या बुरशीलाच जुळणारे असले, तर फक्त तिच्याच डीएनएच्या नकला वाढतात. उसाचा डीएनए आहे तेवढाच राहतो. मात्र मेलेल्या बुरशीचा डीएनएही असाच वाढतो. म्हणून गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतर लगेच केलेल्या चाचणीवरून बेणे रोगमुक्त झाले की नाही, हे ठरवता येत नाही.