वजन उतरविणारी गोळी : एक हिशेब

मोबाईलच्या पडद्यावर एक चित्र उमटते. डाव्या बाजूस पोट सुटलेला मनुष्य, उजव्या बाजूस तोच मनुष्य सडपातळ झालेला. आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : ‘सात दिवसांत सात किलो वजन उतरवा. पथ्य नाही, व्यायाम नाही. केवळ दोन गोळ्या.’ शेजारी एक घड्याळ उलटे चालत असते आणि सवलतीची मुदत दहा मिनिटांत संपणार, असे बजावीत असते. आज पाहिले तर दहा मिनिटे. उद्या पाहिले तरी दहाच मिनिटे!

अशा जाहिरातीस भुलणारा मनुष्य निर्बुद्ध असतो, असे समजण्याचे कारण नाही. स्थूलतेचा त्रास खरा असतो. जिना चढताना धाप लागते, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रक्तदाबाविषयी इशारा दिलेला असतो, आणि लग्नकार्यात चार माणसांत होणारी थट्टा मनाला लागते. पथ्याचा प्रयत्न एकदोनदा फसलेला असतो. अशा वेळी कोणी सोपा मार्ग दाखविला, तर त्याकडे मन ओढ घेते. विक्रेत्याला हे पुरते ठाऊक असते. म्हणून ग्राहकानेही एक साधन जवळ बाळगणे अगत्याचे आहे. ते साधन म्हणजे शाळेत शिकलेले साधे अंकगणित आणि एक साधा प्रश्न.

शरीराचे जमाखर्चाचे खाते

आपण जे अन्न खातो त्यातून शरीराला ऊर्जा मिळते. ही ऊर्जा उष्मांकांत मोजतात. हृदयाचे स्पंदन, श्वसन, शरीराची ऊब टिकविणे, चालणे, काम करणे या सर्वांवर ती खर्च होते. जमा अधिक झाली तर शिल्लक मेदाच्या रूपाने साठते. खर्च अधिक झाला तर हा साठा वापरात येतो. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात.

आता जाहिरातीतील वचन या खात्यात मांडून पाहू. सात किलो मेद म्हणजे ५३,९०० उष्मांक. ते सात दिवसांत खर्च करावयाचे, तर दररोज ७,७०० उष्मांकांची तूट हवी. मध्यम बांध्याच्या प्रौढ मनुष्याचा दिवसभराचा एकूण खर्च २,२०० उष्मांकांच्या आसपास धरला, तर त्याने अन्नाचा कणही घेतला नाही तरी ५,५०० उष्मांकांची तूट बाकी राहते. तासभर झपाट्याने चालल्यास सुमारे २५० उष्मांक खर्च होतात असे धरले, तर त्या उपाशी मनुष्याला रोज आणखी २२ तास चालावे लागेल! विद्यार्थ्यांनी हा हिशेब फळ्यावर अवश्य मांडून पाहावा. ‘सात दिवसांत सात किलो मेद’ हे वचन कोणती वनस्पती खरी करील, हा प्रश्नच मग उरत नाही.

परंतु येथे एक शंका उत्पन्न होते. काही लोकांचे वजन पहिल्या तीनचार दिवसांत खरोखरच दीडदोन किलोंनी उतरते, ते कसे? याचे उत्तर असे की, तराजू वजन दाखवितो, मेद दाखवीत नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरात तो साधारणतः अर्धा किलो भरतो आणि आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. आहार एकाएकी कमी केला की हा साठा संपतो, पाणी बाहेर पडते आणि तराजूचा काटा खाली येतो. लघवी वाढविणाऱ्या किंवा जुलाब करविणाऱ्या द्रव्यांनीही असेच होते. मेद मात्र जवळजवळ होता तेथेच असतो. नेहमीप्रमाणे जेवण सुरू झाले की पाणी परत येते, आणि ग्राहकाला वाटते की गोळ्या बंद केल्यामुळेच वजन वाढले. तो पुन्हा गोळ्या मागवितो.

तुलना कोणाशी?

हिशेबानंतर येतो तो प्रश्न. ‘अमुक गोळी घेतलेल्या लोकांचे वजन उतरले’ असे कोणी सांगितले, तर विचारावे : कोणाच्या तुलनेने? या प्रश्नाचे महत्त्व एका भारतीय फळाच्या कथेवरून चांगले ध्यानी येते.

केरळात माशांच्या कालवणात ‘कुडंपुळी’ नावाचे आंबट फळ वाळवून घालतात. कोकणातील आमसुले ज्या रातांब्याची होतात, त्याच्या कुळातील हे फळ. त्याच्या आंबटपणाचे कारण टार्टारिक व सिट्रिक ही आम्ले असावीत, असा पूर्वी समज होता. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत य. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी त्याचे पृथक्करण केले, आणि त्यातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असल्याचे १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, पिष्टमय पदार्थांपासून मेद तयार होण्यास जे एक एंझाइम साहाय्य करते, त्याचे कार्य हे आम्ल रोखून धरते. उंदरांवरील प्रयोगांतही मेदाची निर्मिती मंदावलेली दिसली.

येथवरचे संशोधन प्रामाणिक होते. परंतु उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि ते प्रयोगानेच ओलांडावे लागते. व्यापाऱ्यांनी तितकी वाट पाहिली नाही. या फळाच्या अर्काच्या गोळ्या ‘मेद जाळणाऱ्या’ म्हणून जगभर खपू लागल्या.

न्यूयॉर्क येथील संशोधकांनी केलेल्या काटेकोर परीक्षेचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी १३५ स्थूल व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. दोन्ही गटांना सारखाच, कमी उष्मांकांचा आहार सांगितला. एका गटाला कुडंपुळीचा अर्क दिला. दुसऱ्या गटाला दिसण्यात हुबेहूब तशीच, परंतु अर्क नसलेली नाममात्र गोळी दिली. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि वजन करणाऱ्यालाही नव्हते. बारा आठवड्यांनंतर अर्क घेतलेल्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरले होते.

विक्रेत्याने एवढेच सांगितले असते, तर ते असत्य ठरले नसते. परंतु नाममात्र गोळी घेतलेल्यांचे वजन सरासरी ४.१ किलोंनी उतरले होते! दोन्ही गटांतील फरक इतका थोडा होता की, तो केवळ योगायोगानेही पडू शकेल. वजन उतरविले ते आहाराने. श्रेय मात्र गोळीच्या पदरात पडले असते. जाहिरातीत ज्यांचे अनुभव छापलेले असतात, त्यांतील काही जण खरे असतील आणि खरेच बोलत असतील. तरीही गोळीचा गुण त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरा गट पाहिल्यावाचून पहिल्या गटाचा अर्थ लागत नाही.

सोळा माणसांचा प्रयोग

तुलनेचा आग्रह धरणारे ग्राहक वाढले, तेव्हा काही विक्रेत्यांनी प्रयोगाचेच सोंग आणले. न भाजलेल्या, हिरव्या कॉफीच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असते. भाजल्यावर त्याचे प्रमाण घटते. अमेरिकेतील एका कंपनीने या हिरव्या बियांचा अर्क विकावयास काढला आणि त्याची परीक्षा भारतात करविली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, बंगळूर येथील १६ व्यक्तींचे वजन २२ आठवड्यांत सरासरी सुमारे आठ किलोंनी उतरले होते. एका लोकप्रिय अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात या अर्काची वाखाणणी झाली आणि गोळ्यांचा खप एकदम वाढला.

त्यानंतर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारविषयक सरकारी आयोगाने, चौकशी केली. आयोगाच्या आरोपानुसार, मुख्य संशोधकाने वजनाचे आकडे वारंवार बदलले होते, प्रयोगाचा कालावधीही बदलला होता, आणि कोणास अर्क व कोणास नाममात्र गोळी दिली याचाच घोळ केला होता. मूळ संशोधकाला तो निबंध प्रसिद्ध करता आला नाही, तेव्हा कंपनीने अमेरिकेतील दुसऱ्या संशोधकांकडून तो पुन्हा लिहून घेतला. त्यांनी मूळ नोंदींची शहानिशा केली नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली, आणि पुढच्याच महिन्यात तो निबंध मागे घेण्यात आला. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी गोळ्या विकत घेतल्या, त्यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ या वाक्यापुढे म्हणून थांबावे आणि विचारावे : किती माणसांवर? किती दिवस? खर्च कोणी केला? आणि दुसऱ्या कोणाला तोच निष्कर्ष मिळाला काय?

गोळी काम करते तेव्हा

निरुपयोगी गोळीने पैसे जातात. परंतु जी गोळी विलक्षण वेगाने काम करते, तिच्याविषयी अधिक सावध असावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना ताप येई, घाम सुटे आणि त्यांचे वजन घटे. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी वजन उतरविण्यासाठी त्याच्या उपयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि लवकरच ते औषध म्हणून सर्रास विकले जाऊ लागले. पेशींतील तंतुकणिका अन्नातील ऊर्जा एका रासायनिक स्वरूपात साठवितात. हे रसायन त्या साठवणीत खंड पाडते, आणि ऊर्जा नुसत्या उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वजन उतरते हे खरे. पण मात्रा किंचित वाढली तर शरीर आतून तापत जाते, आणि ते थांबविणारा उतारा उपलब्ध नाही. काही रुग्णांना मोतीबिंदू झाले, काही दगावले. १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा आल्यावर ते बाजारातून हटविण्यात आले. तथापि ते नाहीसे झाले नाही. इंटरनेटवरून छुप्या रीतीने मागविलेल्या याच रसायनाने ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळातही तरुण माणसे मरण पावली; २०२३ पासून तेथे त्याची गणना नियंत्रित विषांत होते.

दुसरा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन हे भूक मंद करणारे औषध हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढविते असे दिसून आल्याने २०१० साली युरोप-अमेरिकेत आणि २०११ साली भारतात बंद झाले. परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनास २००७ ते २०१६ या काळात ज्या ७७६ ‘पूरक’ उत्पादनांत औषधांची छुपी भेसळ सापडली, त्यांतील सुमारे ४१ टक्के वजन उतरविण्यासाठी विकली जात होती. आणि त्यांपैकी बहुतेकांत हेच सिब्युट्रामिन होते. वेष्टनावर हिरवे पान छापलेले असले, तरी आत काय आहे हे पानावरून कळत नाही.

याच्या तुलनेस एक प्रामाणिक आकडा ठेवावा. सेमाग्लुटाइड हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली टोचून घेतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ व्यक्तींवरील परीक्षेत त्याने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरले. म्हणजे शंभर किलोंच्या मनुष्याचे आठवड्याला सुमारे २२० ग्रॅम! आजच्या प्रभावी औषधांची ही गती आहे. तिच्या तीसपट वेगाचे वचन कोणी देत असेल, तर ते कशाचे लक्षण आहे हे वाचकाने ठरवावे.

विक्रीची रीत व ग्राहकाचे रक्षण

या व्यापाराच्या क्लृप्त्या ठराविक आहेत. प्रसिद्ध नटाचे किंवा डॉक्टरचे चित्र, आणि आता संगणकाने बनविलेला त्याचा आवाजसुद्धा, परवानगीवाचून वापरतात. ‘नमुना मोफत, केवळ टपालखर्च द्या’ असे सांगून बँकेच्या कार्डाचा क्रमांक घेतात आणि मग दरमहा रक्कम कापीत राहतात. गुण आला नाही अशी तक्रार केली, तर फोनवरील ‘तज्ज्ञ’ अधिक महागडा संच सुचवितो. उलटे चालणारे घड्याळ ग्राहकाला विचार करण्यास वेळ मिळू नये, एवढ्यासाठीच असते. खोटी घाई आणि वर्गणीचा सापळा या दोहोंचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली जाहीर केलेल्या १३ अनुचित रीतींत आहे.

कायदा याहूनही जुना आहे. औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या अधिनियमात ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत स्थूलतेचे नाव आहे. विक्रेते ही अडचण टाळण्यासाठी गोळीला ‘औषध’ न म्हणता ‘पूरक आहार’ म्हणतात. अशा पदार्थाच्या वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचना असावी लागते. परवाना हा व्यवसाय करण्याचा असतो. गोळीने वजन उतरते याची ती ग्वाही नव्हे.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये; फसविणाऱ्याची सारी भिस्त या लाजेवरच असते. बँकेस तत्काळ कळवून कार्ड बंद करावे. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर आणि ग्राहकाची तक्रार १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते. गोळ्या घेतल्यावर छातीत धडधड, तीव्र ताप किंवा अतिघाम असे काही जाणवल्यास त्या तत्क्षणी बंद कराव्यात आणि उरलेल्या गोळ्यांसह रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना त्यांवरून निदान करणे सोपे जाते.

स्थूलता हा चेष्टेचा विषय नाही, आणि आळसाची शिक्षाही नाही. तिच्या मुळाशी आनुवंशिकता, झोप, कामाचे स्वरूप, काही औषधे, थायरॉइडसारख्या ग्रंथींचे विकार अशी अनेक कारणे असू शकतात. ती शोधण्यास डॉक्टर हवा, आणि वजन उतरण्यास काही महिने द्यावयास हवेत. तोपर्यंत मोबाईलवरील ते घड्याळ खुशाल शून्यावर येऊ द्यावे. ते शून्यावर आल्याने ग्राहकाचे काहीही बुडत नाही.