मार्जिन की मार्कअप? एका शब्दाने गल्ला रिकामा होतो!

दुकान टाकायचं म्हटलं की फाडफाड इंग्रजी यायलाच पाहिजे असं काही नाही. पण धंद्यातले चार इंग्रजी शब्द नीट कळलेच पाहिजेत, कारण तिथे गडबड झाली की थेट पैसे जातात. आज असे काही शब्द बघू.

मार्जिन आणि मार्कअप
समजा, लातूरच्या गंजगोलाईतून तुम्ही 80 रुपयांची वस्तू आणली आणि 100 ला विकली. नफा 20 रुपये. हा नफा खरेदीच्या किमतीवर मोजला तर 25 टक्के, तो मार्कअप. विक्रीच्या किमतीवर मोजला तर 20 टक्के, ते मार्जिन. आता कोणी म्हणालं, "आपल्याला 25 टक्के सुटतात, दिवाळीला 25 टक्के सूट देऊन टाकू, निदान घाटा तर नाही." बघा काय होतं. सूट लागते विक्रीच्या किमतीवर. वस्तू गेली 75 ला, घरात आली 80 ला. असे 200 नग खपले की 1,000 रुपये खिशातून गेले. दुकानात गर्दी, गल्ल्यात खड्डा!

बँकेतलं मार्जिन आणि मार्जिन मनी
हेच मार्जिन बँकेत गेलं की अर्थ बदलतो. तिथे मार्जिन म्हणजे तुम्ही स्वतः घालायची रक्कम. आणि पीएमईजीपी योजनेत मार्जिन मनी म्हणजे सरकारची सबसिडी! नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ताईंनी 10 लाखांचा प्रकल्प मांडला, तर नियमाप्रमाणे त्यांचा स्वतःचा वाटा 5 टक्के, म्हणजे 50 हजार. मार्जिन मनी 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. "साडेतीन लाख आपल्यालाच भरायचे" असं समजून कोणी अर्जच केला नाही, तर केवढं नुकसान! फक्त एक लक्षात ठेवा: ही सबसिडी रोख हातात येत नाही. ती 3 वर्षं बँकेत तुमच्या कर्जखात्याशी जोडून ठेवलेली असते.

सँक्शन आणि डिस्बर्समेंट
सँक्शन म्हणजे कर्ज मंजूर झालं. डिस्बर्समेंट म्हणजे पैसे प्रत्यक्ष सुटले. नुसत्या सँक्शन लेटरच्या भरवशावर गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका.

टॅक्स इन्व्हॉइस आणि बिल ऑफ सप्लाय
जीएसटीची कंपोझिशन स्कीम घेतली असेल तर तुम्ही बिल ऑफ सप्लाय द्यायचं. त्यावर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. छापखान्यात बिलबुक टाकण्याआधी हे तपासा.

आता एक काम करा. दुकानातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू घ्या. वहीत खरेदी, विक्री, मार्कअप आणि मार्जिन असे चार रकाने आखा. सूट किती द्यायची, ते चौथा रकाना बघूनच ठरवा.