जीपचे पाणी कोठे जाते?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीपगाडी खेड्यांच्या परिचयाची झाली. आज दारव्ह्याच्या कापूसपट्ट्यात ज्यांच्या दारी जुनी डिझेल जीप आहे, त्यांनी तिच्या पाण्यावर नजर ठेवावी.

गळती दिसत नाही, तरी रेडिएटरमधील पाणी वरचेवर घटते. अशा वेळी हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. इंजिन थंड असताना झाकण काढून ते सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहणे अथवा ऑइल दुधाळ दिसणे, ही त्याची लक्षणे होत. दुधाळ ऑइलावर गाडी मुळीच चालवू नये. बेअरिंगे निकामी होऊन खर्च अनेकपट वाढतो.

दुरुस्ती कुशल मिस्त्रीकडून करवावी. पण मालकाने समक्ष उभे राहावे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट कडेकडून मध्याकडे सैल करावेत. हेड वाकले आहे काय, हे सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावे. नवे गॅस्केट योग्य जाडीचेच घ्यावे. बोल्ट मध्याकडून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. ऑइल व फिल्टर बदलावेत.

बुजलेला रेडिएटर किंवा पंख्याचा सैल पट्टा तसाच राहिल्यास नवे गॅस्केटही टिकणार नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी कदापि ओतू नये.