शकुंतला कोणाची? मुलांना तपासू द्या

तथ्य म्हणजे खरं आणि मत म्हणजे खोटं, निदान बिनकामाचं, अशी विभागणी आपण मुलांना सहज शिकवून टाकतो. ती चुकीची आहे, आणि दर्यापूरच्या मुलांना ते समजावायला शकुंतला रेल्वेसारखं उदाहरण नाही. तीन वाक्यं घ्या. शकुंतला 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. शकुंतला अजूनही इंग्रजांच्या मालकीची आहे. शकुंतला पुन्हा सुरू झालीच पाहिजे. यातली पहिली दोन वाक्यं एकाच जातीची आहेत, कारण दोन्हींचा निकाल कागदपत्रांवरून लागतो. पहिलं त्या तपासाला उतरतं, दुसरं उतरत नाही. म्हणून मुलाने आधी विचारायचं ते एवढंच: हे तपासता येईल का, आणि कुठे?

दुसरं वाक्य वऱ्हाडात इतक्यांनी इतक्यांदा सांगितलं, छापलं आणि मोबाइलवर फिरवलं आहे, की त्यावर शंका घेणंच चमत्कारिक वाटतं. त्यातला खरा भाग असा: अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, यवतमाळ हा अरुंद मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. ती कंपनी किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश पेढीने उभारली आणि 1951 च्या सुमारास देशातली रेल्वे एकत्र बांधली गेली तेव्हाही हा मार्ग खाजगीच राहिला. गाड्या मात्र मध्य रेल्वेने चालवल्या. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. खाजगी मालकीचं इंग्रजी मालकीत रूपांतर झालं ते सांगण्याच्या ओघात. ‘पेपरात आलं होतं’ हा पुरावा इथे अपुरा पडतो, कारण दहा बातम्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतील तर तो आधार एकच.

तिसरं वाक्य मत आहे, पण म्हणून ते हलकं ठरत नाही. कापूस, प्रवासी, तिकिटाचा दर, रुंदीकरणाचा खर्च यांचा आधार जितका पक्का, तितकं ते मत वजनदार. आधार तथ्यांचा आणि निवड आपली, हे मुलांना दाखवलं पाहिजे. यावर कुणी म्हणेल, एवढ्या लहान वयात शंका घ्यायला शिकवलं तर मुलं मोठ्यांवरच विश्वास ठेवणार नाहीत. पण न शिकवल्याचा परिणाम समोर आहे: 2018 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रगत देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी दहांत एकालाही सूचक खुणांवरून तथ्य आणि मत नीट वेगळं करता आलं नाही. भारत त्या चाचणीत नव्हता, त्यामुळे आपली मुलं कुठे आहेत हे त्यावरून सांगता येत नाही. आणि ज्या मुलाला तपासता येतं, ते मोठ्यांचं बरोबर असलेलंही अधिक खात्रीने मान्य करतं.

साधनं हाताशी आहेत. अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शकुंतलेबाबत रेल्वे आणि कंपनी यांच्यातला करार आज कोणत्या स्थितीत आहे, हे माहिती अधिकारात रेल्वेला विचारता येतं आणि अर्जाचं शुल्क फक्त 10 रुपये आहे. दर्यापूरच्या शिक्षकांनो, आपल्या सातवी-आठवीच्या वर्गाकडून त्या अर्जातले प्रश्न लिहून घ्या.