नाव झाले, धंद्याचे काय?

नाशिक जिल्ह्याने चित्रपटधंद्याला दोन हिकमती माणसे दिली. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. १९१८ मध्ये नाशकात कंपनी काढली, पण भागीदारांशी बिनसले. अखेरची वर्षे ओढगस्तीची गेली.

मालेगावचे नासिर शेख लग्नाचे व्हिडिओ काढीत. शुक्रवारी यंत्रमाग बंद, कामगार सिनेमाला! हे गिऱ्हाईक हेरून त्यांनी सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. २०२५ मध्ये त्यांच्यावरच हिंदी चित्रपट आला.

हिंमत आमच्या तरुणांतही आहे. मात्र भागीदारी तोंडी नको. देवघेव लिहून ठेवा, हा सूरह बकरातील २८२ व्या आयतीचा आदेश आपण दुकानात पाळतो काय?