तहाला न दिसलेली कवायत

मार्च 1878 मध्ये सान स्टेफानोच्या तहाने बल्गेरियाला एक मोठा, सलग देश दिला. जुलैमध्ये बर्लिनला जमलेल्या महासत्तांनी त्याचे तुकडे पाडले. उत्तरेकडे तुर्की सुलतानाचे मांडलिक संस्थान उरले, मॅसिडोनिया पुन्हा तुर्कांच्या हाती गेला आणि बाल्कन पर्वताच्या दक्षिणेचा मुलूख ‘पूर्व रुमेलिया’ नावाचा स्वायत्त प्रांत झाला. त्याच्या सरहद्दीवर फौज ठेवण्याचा हक्क सुलतानाने राखला. या मुलखाने तुर्की सत्तेविरुद्धच्या 1876 च्या उठावानंतरच्या कत्तली पाहिल्या होत्या, त्यामुळे सुलतानाचे शिपाई परत येणार ही कल्पना लोकांना सोसवणारी नव्हती.

1878 मध्येच रुमेलियात व्यायाम मंडळे निघू लागली. नावाला व्यायाम, पण मैदानावर लष्करी कवायत आणि नेमबाजी चाले. रशियन सैन्य अजून प्रांतात होते. त्याच्या अधिकाऱ्यांनी लोकांना शिकवले, बंदुका पुरवल्या; जनरल स्कोबेलेव्हसारख्या नामांकित सेनानीचा या मंडळांना पाठिंबा होता. तहाने सीमा आखल्या, फौजा वाटून दिल्या. कसरतीला मात्र कोणी मनाई केली नव्हती. सरहद्दीवर फौज ठेवण्याचा हक्क सुलतानाने पुढे कधी वापरलाच नाही. त्याचे सारे श्रेय मंडळांना देता येणार नाही. पण मला बंदुकांहून मोलाची वाटते ती रांग. एरवी आपापल्या गावापुरते जगणारे लोक तिथे एका हुकुमावर, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सप्टेंबर 1885 मध्ये प्रांतातल्या प्लोव्हदिव्हला उठाव झाला आणि रुमेलिया उत्तरेच्या संस्थानाला जोडला गेला, तेव्हा एकत्र उभे राहण्याची ही सवय या लोकांच्या अंगी होती.

पुढे कसरत शाळेत आली. शिक्षणमंत्री गेओर्गी झिव्कोव्ह यांच्या काळात, 1894 मध्ये, स्वित्झर्लंडहून दहा व्यायामशिक्षक बोलावले गेले. त्यांतल्या जॉर्ज द रेजिबुसने वार्नाच्या शाळेत मुलांना फुटबॉल शिकवला. त्यांतलाच शार्ल शांपो 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये उतरला. नागरिक स्विस असला तरी बल्गेरिया त्याला आपला पहिला ऑलिंपिक खेळाडू मानतो. ठिकठिकाणची मंडळे 1898 मध्ये ‘युनाक’ संघाखाली एकत्र आली. लोकगीतांतल्या शूर वीराचे हे नाव. प्रागमध्ये 1862 साली सुरू झालेल्या ‘सोकोल’ या व्यायाम चळवळीचा वारसाही त्यांच्यापुढे होता.

त्या दहांपैकी लुई आयेर बल्गेरियातच रमला. पहिल्या महायुद्धात तो बल्गेरियाच्या सैन्यातून लढला आणि 1916 मध्ये कामी आला.