परत आलेलं लाकूड

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये भिंतीला टेकवलेला पहिल्या महायुद्धातला जुना लाकडी क्रूस दिसला, की येणारा-जाणारा त्यावरचं नाव वाचतो, तारीख बघतो आणि पुढे जातो. नोंद करणारा मात्र आधी खाली बसून त्याचं तळाचं टोक बघतो. हात-दीड हाताचा तेवढा भाग काळपट पडलेला असतो, कडा कुजून मऊ झालेल्या असतात, आणि भेगांत कधीकधी फ्रान्सची किंवा बेल्जियमची वाळलेली माती अडकलेली असते. क्रूस खरोखर एखाद्या कबरीवर उभा होता की मागाहून घरी करून घेतला, हे त्या टोकावरून कळतं. वरचं नाव काय, कुणीही रंगवू शकतो.

मग वर सरकायचं. आडव्या फळीवर टाचणीएवढ्या खिळ्यांनी ठोकलेल्या धातूच्या अरुंद पट्ट्या असतात. त्यांवर यंत्राने उठवलेली अक्षरं: हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख. रेल्वे स्टेशनवर एकेकाळी नाणं टाकून नावाची पट्टी काढायचं यंत्र असे, जवळपास तशीच. पट्ट्या ठोकल्या त्या सैन्याच्या कबरनोंदणी पथकाने. त्याखाली काही ठिकाणी रंगाने लिहिलेली आधीची ओळ पुसट दिसते. ती पलटणीतल्या सोबत्यांची. त्यांनी हाताशी सापडेल त्या लाकडाचा क्रूस केला, जमेल त्या अक्षरांत नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी मोर्च्यावर परत गेले. दोन ओळींतलं स्पेलिंग जुळत नसेल, तर सुधारायचं नाही, दोन्ही तसंच उतरवायचं.

हे क्रूस घरी आले, कारण माणसं आली नाहीत. 1915 च्या एप्रिलमध्ये लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन फ्रान्समध्ये मारला गेला. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा हा नातू, आणि खासदारही. राजाच्या खास परवानगीने त्याचा देह हावर्डनला, घरी आणला. त्यानंतर दार बंद झालं. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख त्याचाच मुलगा घरी यावा, बाकीच्यांचे तिथेच राहावेत, हे लाखोंच्या सैन्याला परवडणारं नव्हतं. या बंदीमागे जोर लावणारा माणूस फेबियन वेअर. 1914 मध्ये रेड क्रॉसच्या मोटारी घेऊन जखमी उचलायला गेला आणि वाटेत दिसणाऱ्या बेवारस कबरी टिपू लागला. त्या टिपणवहीतून पुढे सैन्याचं नोंदणी खातं झालं, आणि 21 मे 1917 रोजी राजाच्या सनदेने इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच. पुण्यातल्या वाचकाने त्याचं काम खडकीच्या युद्धस्मशानात बघितलेलं असतं: एका उंचीचे, ओळीतले दगड आणि हिरवळ.

तो दगड कसा असावा, यावर मात्र भांडण झालं. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी 1918 मध्ये अहवाल दिला: जनरल असो वा शिपाई, दगड एकच. उंची 2 फूट 8 इंच, रुंदी 1 फूट 3 इंच, वर पलटणीचं चिन्ह, खाली घरच्यांसाठी 66 अक्षरांची जागा. विचार चोख होता, पण दगडाचा आकार क्रुसाचा नव्हता. युद्धात तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज प्रिन्स ऑफ वेल्सकडे पाठवला, की आमच्या मुलांना क्रूसच हवा. 4 मे 1920 रोजी पार्लमेंटात चर्चा झाली आणि कमिशनचंच म्हणणं राहिलं. मला वाटतं, परत आलेल्या लाकडाचं मोल घरच्यांना एवढं वाटलं त्याचं एक कारण इथे आहे. दगडावर क्रूस कोरून मिळत होता, पण क्रूस म्हणून उभी राहिलेली वस्तू एकच होती आणि ती आता काढून टाकणार होते.

विसाच्या दशकात दगड बसत गेले तसे लाकडी क्रूस निघत गेले. हवा असेल तर घेऊन जा, असं नातेवाइकांना कळवण्यात आलं. आणायचा खर्च त्यांचा. मागणी आली नाही ते क्रूस जाळून राख त्याच दफनभूमीत पसरली. त्यामुळे आज चर्चमध्ये दिसतात त्यांत अधिकाऱ्यांचे क्रूस नजरेत भरण्याइतके जास्त आहेत. मेल्यावर सगळे सारखे हे तत्त्व दगडात उतरलं खरं, पण लाकूड घरी आणताना खिसा पुन्हा आडवा आलाच.

काही घरांनी या लाकडाला केवढा मान दिला, ते सॉमरसेटमधल्या मेल्स गावी दिसतं. कांब्रेच्या लढाईत 1917 मध्ये पडलेल्या एडवर्ड हॉर्नरचा घोड्यावरचा पुतळा तिथल्या चर्चमध्ये आहे. पुतळा आल्फ्रेड मनिंग्जचा, चौथरा एडविन लट्येन्सचा. नवी दिल्ली आखणारा तोच हा लट्येन्स. आणि त्या देखण्या चौथऱ्यात बसवलाय कबरीवरचा मूळ लाकडी क्रूस. एवढा मोठा शिल्पकार, एवढा मोठा वास्तुकार, आणि मधोमध सुताराच्या घाईतल्या दोन फळ्या. याउलट कवी रूपर्ट ब्रुकचा क्रूस. ब्रुक 1915 मध्ये ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर पुरला गेला. तिथे पक्कं थडगं झाल्यावर आईने लाकडी क्रूस रग्बीला आणून घरच्या दफनजागेत उभा केला. उघड्यावर तो झिजत राहिला, शेवटी 2008 मध्ये हलवून रग्बी शाळेत ठेवावा लागला. चेल्टनहॅमच्या दफनभूमीतही असे क्रूस रांगेने उघड्यावर होते. पावसाने त्यांतले बहुतेक खाल्ले.

इंग्लंडच्या चर्चमध्ये खिळा ठोकायलासुद्धा धर्मप्रांताची परवानगी लागते. तो अर्ज सापडला, तर क्रूस कधी आला, कुणी आणला, कुठल्या भिंतीवर लावायचं ठरलं, सगळं उलगडतं. पण कितीतरी क्रूस कुणाला न विचारता घंटेच्या मनोऱ्याखाली, झाडूंच्या शेजारी ठेवून दिले गेले. असे क्रूस गावोगाव शोधून त्यांची मापं, फोटो आणि मजकूर टिपण्याचं काम ‘रिटर्न्ड फ्रॉम द फ्रंट’ या उपक्रमातले स्वयंसेवक करतात. सरकारी पगारी तज्ज्ञ नव्हेत, हौशी माणसं. या क्रुसांचा सगळ्यात मोठा शत्रू भुंगा नाही, कळवळा आहे. कुणीतरी मायेने वॉर्निश फासतं, गंजलेली पट्टी घासून चकचकीत करतं, तळाची माती पुसून टाकतं. पेन्सिलीने लिहिलेलं नाव तर ओल्या फडक्याच्या एका फटक्यात जातं. आणि पेन्सिल ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. 1916 मध्ये आर्मान्तिएरजवळ एका बागेत पाद्री डेव्हिड रेल्टन यांना असाच साधा क्रूस दिसला, काळ्या पेन्सिलीत लिहिलेला, अनोळखी ब्रिटिश सैनिकाचा. वेस्टमिन्स्टर ॲबीत 11 नोव्हेंबर 1920 रोजी पुरलेल्या अनामिक योद्ध्याची कल्पना त्यांना तिथे सुचली.

पुसट अक्षर वाचायची युक्ती सोपी आहे. समोरून उजेड टाकायचा नाही. बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची, म्हणजे प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. ही युक्ती मला इंग्लंडने नव्हे, भोर तालुक्यातल्या एका वीरगळाने शिकवली. देवळामागे तो पालथा पडला होता आणि धुणं आपटायला वापरात होता. सुलटा केला, आडवा उजेड टाकला, तेव्हा खालच्या चौकटीतली ढाल-तलवार, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरची पिंड एकेक करून उमटली. वीरगळ नोंदवायच्या आमच्या तक्त्यात ‘नाव’ असा रकाना होता. तो रिकामा राहिला. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ लेखाविनाच असतात.

त्याच महायुद्धात गेलेल्या मराठ्यांचं काय झालं, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन व्हायचं, तेव्हा क्रूस किंवा फळीचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला 1927 मध्ये उभारलेल्या स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीयांची नावं तरी कोरली आहेत. पण 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेबरोबर कैदेत गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर, 1929 साली, इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली. भारतीय शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. कमिशनने नेमलेल्या समितीनेच 2021 मध्ये मान्य केलं, की 45,000 ते 54,000 मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं आणि किमान 1,16,000 जणांची नावं कुठल्याच स्मारकावर आली नाहीत. पहिल्या आकड्यात भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्तमधले सर्वाधिक, दुसऱ्यात पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले. सगळ्यांना एक दगड म्हणणाऱ्या केन्यन यांच्या ‘सगळ्यांत’ कोण बसत होतं, हे त्या आकड्यांत दिसतं.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. घरटी फौजी. पहिल्या महायुद्धात गावचे 46 जण कामी आले, म्हणून इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं. या युद्धानंतर देशभर खेड्यांत संगमरवरी पाट्या बसल्या, त्यांचा मजकूर एकाच साच्याचा: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत आजही त्या सापडतात, कुठे चुन्याखाली, कुठे ऑइलपेंटखाली. आम्ही वीरगळांसाठी केलेला तक्ता अशा पाट्यांनाही चालतो. लांबी, रुंदी, दगड, लिपी, सध्याची स्थिती, शेजारी काय आहे. एक रकाना वाढवावा लागला: ‘गावात ठाऊक असलेली नावं’. तो भरायला बॅटरी उपयोगाची नाही. पारावर बसून विचारावं लागतं, आणि मग एखादे आजोबा बोटं मोडत आपल्या आज्याच्या चुलत्यापासून सुरुवात करतात.